चुंबक, पेशी आणि आयतं विज्ञान



आज जरा चिडून लिहिणार आहे, हे आधीच सांगून ठेवते. नातेवाईकांपैकी ज्यांना माझं 'बाईपण' अजूनही सोसत नाही, त्यांनी हा लेख सोडून दिला तरी चालेल :)

विषय आहे शाळेतल्या 'आव्हानां'चा. हल्ली शाळांमधून 'इंजिनिअरिंग चॅलेंज' नावाचा एक प्रकार निघाला आहे. मुलांना एक प्रश्न द्यायचा, थोडं सामान द्यायचं, काही अटी घालायच्या आणि म्हणायचं, काढा यातून वाट. कल्पना झकास आहे. माझं भांडण कल्पनेशी नाही. आपण मोठी माणसं मिळून त्या कल्पनेचा जो काला करतो, त्याच्याशी आहे.

मी बी.ए., तेही मराठी घेऊन. नोकरीभर भाषा शिकवली, आणि शाळेत माणूस कमी पडला की पाचवी ते सातवीचं सामान्य विज्ञानही शिकवलं. तेव्हा विज्ञानातली मी कुणी अधिकारी नव्हे. पण मूल शिकतंय की शिकल्याचं नाटक करतंय, हे ओळखायला विज्ञानाची पदवी लागत नाही.

तर झालं असं. माझी नात सातवीत आहे. तिच्या शाळेतून (नाव घेत नाही, कारण हे सगळीकडचंच आहे) आव्हान आलं : "मॅग्नेट वापरून सेल हलवून दाखवा." मला वाटलं टॉर्चमधला सेल. आणि गंमत म्हणजे, आताच्या अल्कलाइन पेन्सिल सेलला बाहेरून पोलादाचं कवच असतं, त्यामुळे तो चुंबकाला खरोखरच चिकटतो! मी नातीला तसं सांगितलंही. ती म्हणाली, "आजी, तो सेल नाही गं, बॉडीतला सेल." मी म्हटलं, म्हणजे पेशी? ती म्हणाली, "पेशी म्हणजे काय?"

सेमी-इंग्रजीतली सातवीतली मुलगी. घरात मराठी, खेळायला मराठी, भांडायला मराठी. या मुद्द्याकडे पुढे येतेच.

आधी हे आव्हान काय आहे ते सांगते, कारण ते मला मनापासून आवडलं. आपल्याला जखम झाली, काटा रुतला, की रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिकडे धाव घेतात. रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या फटीतून अंग आक्रसून त्या बाहेर पडतात आणि जंतूंना गिळायला लागतात. हा प्रवास वर्गात करून दाखवायचा. पुठ्ठ्यावर काड्यापेटीच्या काड्या चिकटवून वाट बनवायची, मध्ये अरुंद फटी ठेवायच्या. कणकेच्या गोळ्यात लोखंडी वायसर दडवला की झाली पेशी. पुठ्ठ्याखालून चुंबक फिरवायचं आणि बोट न लावता ती पेशी जखमेपर्यंत न्यायची. राज्य मंडळाच्या पुस्तकात सहावीला चुंबकाचा धडा आहे, सातवीला पेशीरचनेचा. दोन धडे एकमेकांना भेटतात, ते असे. मी नोकरीत असते तर दुसऱ्याच दिवशी वर्गात घेतलं असतं.

आता प्रत्यक्षात काय झालं ते ऐका. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप आला, त्यापाठोपाठ तयार संच कुठे मिळतो त्याचा पत्ता आला. संचात छापील, कापलेला, घडी घालायचा तेवढा बाकी ठेवलेला मार्ग. त्यात बसतील अशा मापाच्या गोळ्या. पुरेल एवढ्या जोराचं चुंबक. सोबत कसं जोडायचं त्याची चित्रफीत. रविवारी रात्री वडील जोडायला बसले, आई 'डब्ल्यूबीसी' अशी रंगीत अक्षरं कापायला बसली, आणि कन्या झोपली. हे आमच्याच घरात झालं असं नाही, सगळ्या बिल्डिंगमध्ये झालं. एका घरी तर खाली थर्माकोलचा सुबक चौथरा होता. राज्यात २०१८ पासून सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे म्हणतात. प्रोजेक्टांना बहुतेक सूट असावी.

आणि गुण कशाला? सुबकपणा, सादरीकरण, वेळेवर आणणं. वर्गातल्या सगळ्यांच्या पेशी सुखरूप पोचल्या. एकाचीही अडकली नाही. सगळ्यांना उत्तम शेरा.

मला सांगा, जिथे कुणाचंच काही अडकलं नाही ते आव्हान कसलं? ती तर सत्यनारायणाच्या पूजेची मांडामांड झाली. चौरंग कुठे, कलश कुठे, सुपारी कुठे, सगळं ठरलेलं. पूजेत ते ठीकच आहे, तिथे ठरलेलं तसंच व्हावं अशीच अपेक्षा असते. प्रयोगात तीच अपेक्षा धरली की प्रयोग मेला.

त्या संचाने मुलांकडून काय काढून घेतलं ते बघा. आम्ही दोघींनी नंतर जुन्या, बिघडलेल्या स्पीकरचं चुंबक काढून घरच्या घरी हाच खेळ मांडला. वहीच्या मागच्या पुठ्ठ्यावर पेशी नीट चालली. खोक्याचा जाड पुठ्ठा घेतल्यावर जागची हलेना. का? चुंबकाची ओढ अंतराबरोबर थोडीथोडी कमी होत नाही, झपाट्याने कमी होते. मग चुंबक वर दाबून धरलं तर पेशी हळूहळू सरकायच्या ऐवजी टुणकन उडी मारून काड्या मोडून गेली. कारण कणीक पुठ्ठ्याला धरून ठेवते, चुंबक ओढत राहतं, आणि ओढ वरचढ झाली की एकदम सुटते. दोन पेशी एकत्र सोडल्या तर एकाच चुंबकाच्या ओढीने दोघी एकमेकींवर जाऊन आदळल्या. फट अरुंद केली तर गोळा अडकला. कणीक सैल केली तर फटीतून गेला, पण आतला वायसर पुढे आणि अर्धी कणीक मागे. नात हसून लोळत होती. मग तिने तेल लावलं, वायसर बदलला, कणकेत मीठ घातलं (हे का, ते तिलाच ठाऊक), आणि अकराव्या खेपेला पेशी पोचली. अकरा खेपा! त्यातल्या पहिल्या दहा खेपा म्हणजे शिक्षण, अकरावी म्हणजे नुसता आनंद. संचवाल्यांनी पहिल्या दहा खेपा कापून टाकल्या आणि अकरावी खोक्यात घालून विकली.

एवढ्यावर भागलं असतं तर मी हा लेख लिहिलाही नसता. आयतेपणाची तक्रार आम्ही म्हातारे नेहमीच करतो. खरं दुखणं पुढे आहे.

वर्गात ते प्रदर्शन झाल्यावर कुणीही मुलांना विचारलं नाही की, "बाळांनो, यात खोटं काय आहे?" प्रत्येक प्रतिकृतीत काहीतरी खोटं असतंच. पृथ्वीच्या गोलाला दांडा असतो, खऱ्या पृथ्वीला नसतो, हे आपण सांगतो की नाही? मग इथेही सांगायला हवं होतं की शरीरातली पेशी कुणी चुंबकाने ओढत नाही. ती स्वतः चालते! तिच्या आत ॲक्टिन नावाच्या प्रथिनाचे धागे असतात. ते पुढच्या बाजूला वाढत जातात, पेशीचा पुढचा काठ पुढे ढकलतात, मग मागचं अंग ओढून घेतलं जातं. गोगलगाय नव्हे, पण चाल तशीच संथ. पांढरी पेशी मिनिटाला साधारण १० मायक्रोमीटर सरकते, म्हणजे एक मिलिमीटर जायला तिला शंभरेक मिनिटं लागतात. आणि दिशा कशी कळते? जखमेकडून, जंतूंकडून जी रसायनं पसरतात त्यांचा माग काढत ती जाते. तुमच्या घरी कांदाभजी तळायला घेतली की शेजारचा बंड्या बरोबर दारात उभा राहतो, तसं. त्याला कुणी दोरीने ओढून आणत नाही.

ही गोष्ट ज्याने पहिल्यांदा नीट ओळखली तो रशियन शास्त्रज्ञ मेचनिकॉफ. १८८२ मध्ये सिसिलीतल्या मेसिना गावी त्याने तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा टोचला आणि दुसऱ्या दिवशी पाहिलं, तर काट्याभोवती पेशींनी गर्दी केलेली. १९०८ साली त्याला नोबेल विभागून मिळालं. आणि हे काही लांबचं नाही हो! याच मेचनिकॉफचा ओडेसामधला विद्यार्थी वाल्डेमार हाफकिन. १८९६ साली मुंबईत प्लेग आला तेव्हा तो इथे आला, लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन इन्स्टिट्यूट त्याच्याच नावाची. ठाकुर्लीहून गाडीत बसलं की तासाभरात परळ येतं. हे मुलांना सांगायला किती पैसे लागतात? एक काटा आणि एक गोष्ट. संच नको, चौथरा नको.

बरं, चुंबक आणि पेशी यांचा खरा संबंध नाहीच का? आहे ना! प्रयोगशाळेत लोहाच्या ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण घेतात, त्यांवर ठराविक पेशींनाच चिकटणारी प्रतिपिंडं बसवतात, आणि मग चुंबकाने नेमक्या त्या पेशी रक्तातून वेगळ्या काढतात. कर्करोगाच्या भटक्या पेशी रक्तात शोधण्याच्या काही चाचण्या अशाच चालतात. म्हणजे आधी पेशीला लोखंडाचा दागिना घालावा लागतो, मगच चुंबक तिला ओढतं. कणकेतला वायसर तो हाच! आणि काही जीवाणू तर स्वतःच्या अंगात चुंबकीय कणांची माळ बाळगतात. रिचर्ड ब्लेकमोर यांनी १९७५ मध्ये त्यांच्यावर लिहिलं तेव्हापासून ते जगाला माहीत झाले. पण तिथेही पृथ्वीचं चुंबकत्व त्यांना फक्त दिशा दाखवतं, पोहायचं त्यांचं त्यांनाच. केवढी मजा आहे यात! या मजेचं मुलांच्या वाट्याला काही म्हणता काही आलं नाही. "मॅग्नेटने सेल हलतो" एवढं एक वाक्य तेवढं पदरात पडलं.

आता कुणी म्हणेल, "बाई, मुलं आहेत, एवढं काय मनावर घेता? मोठी झाली की कळेल." नाही कळत हो, तेच तर रडं आहे! आमच्या पिढीकडे बघा. आमच्याच सोसायटीत एका सत्तरीच्या गृहस्थांनी चुंबकीय गादी घेतली. किंमत सांगत नाही, ऐकून तुमचंच रक्ताभिसरण बिघडेल. विकणाऱ्याने सांगितलं, रक्तात लोह असतं, चुंबक त्याला ओढतं, म्हणून रक्त खेळतं राहतं. गृहस्थ शिकलेले, चांगल्या हुद्द्यावरून निवृत्त. त्यांना हे पटलं. का पटलं? कारण "रक्तात लोह असतं" हे त्यांनी शाळेत पाठ केलं होतं आणि "चुंबक लोखंडाला ओढतं" हेही पाठ केलं होतं. दोन खऱ्या वाक्यांची गाठ मारून कुणी तिसरं खोटं वाक्य हातात दिलं, तर ते तपासायचं कसं, हे मात्र कुणी शिकवलं नव्हतं.

तपासणं अवघड आहे का? अजिबात नाही. रक्तातलं लोह हिमोग्लोबिनमध्ये बांधलेलं असतं, ते खिळ्यासारखं चुंबकाकडे धावत नाही. आणि साधा विचार करा, एमआरआयच्या यंत्रात सर्रास दीड टेस्लाचं चुंबक असतं, घरच्या फ्रीजवरच्या चुंबकाच्या कितीतरी शेकडो पट जोराचं. रक्त चुंबकाने ओढलं जात असतं तर त्या यंत्रात झोपलेल्या माणसाचं काय झालं असतं? आपण तर त्यातून उठून, कपडे बदलून, बाहेर येऊन चहा पितो. एवढा एक प्रश्न त्या विक्रेत्याला विचारला असता तर गादीचे पैसे वाचले असते. आज सातवीच्या वर्गात "यात खोटं काय" हे न विचारता जी मुलं टाळ्या घेऊन बाहेर पडतात, ती पन्नास वर्षांनी अशाच गादीवर झोपणार. गादीवाल्यांना आपण गिऱ्हाइकं तयार करून देतोय, तीही फी भरून.

आता त्या 'सेल'कडे वळते. मराठी शाळांत विज्ञान-गणित इंग्रजीतून शिकवायची सेमी-इंग्रजीची लाट आली तेव्हाही मी हेच म्हणत होते. इंग्रजी उत्तम शिकवा, माझी ना नाही. पण नातीच्या डोक्यात 'सेल' म्हणजे टॉर्चचा, घड्याळातला, 'सेल लागलाय' मधला आणि अंगातला, चारी एकाच डब्यात. 'पेशी' म्हटलं की तो डबा स्वच्छ वेगळा होतो. १९७० च्या दशकात जळगाव जिल्ह्यातल्या खिरोदा भागात होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने खेड्यातल्या शाळांमधून काम केलं होतं. मुलांना विज्ञान अवघड जातं त्यात भाषेचा वाटा किती, हा त्या कामातला मोठा विषय होता. तो धडा आपण विसरलो. जयंत नारळीकरांसारखा जागतिक कीर्तीचा माणूस जन्मभर मराठीतून विज्ञान लिहीत राहिला. मे २०२५ मध्ये ते गेले. त्यांना मराठीतून विश्वाची उत्पत्ती सांगता आली आणि आपल्याला मराठीतून पांढरी पेशी सांगता येत नाही?

पैशाचंही बोलू. २०१६ पासून केंद्राने अटल टिंकरिंग लॅब सुरू केल्या. एका शाळेला २० लाखांपर्यंत अनुदान. दहा हजारांवर शाळांत त्या झाल्या, आणि २०२५ च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांत सरकारी शाळांमध्ये आणखी ५० हजार करायचं जाहीर झालं. चांगलंच आहे. जिथे जीव ओतणारे शिक्षक आहेत तिथे त्यांचं सोनं होत असणार. पण अशा एका खोलीला मी कुलूपही पाहिलं आहे. चावी वरच्यांकडे, आणि ती पाहुणे आले की निघणार. खोलीने शिक्षण होत नाही. अरविंद गुप्ता आयआयटी कानपूरचे इंजिनिअर, टेल्कोतली नोकरी सोडून काड्यापेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्ह-ट्यूबचे तुकडे आणि टाकाऊ चुंबकं घेऊन बसले. पुण्यात आयुकाच्या मुक्तांगणमध्ये त्यांनी वर्षानुवर्षं कचऱ्यातून खेळणी केली. २०१८ साली पद्मश्री मिळाली. पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम काढला. अमेरिकेत पीएच.डी. केलेला माणूस, मोठ्या कंपनीतलं संशोधन सोडून खेड्यातल्या मुलांना हाताने काम करत शिकवायला गेला. महाराष्ट्रात वाट दाखवणारे नव्हते असं म्हणायला जागाच नाही.

आणि आमच्या ठाकुर्लीतल्या पोरांना तर चुंबक परकं असायचं कारणच नाही! ज्या चोळे पॉवर हाऊसचं नाव घरोघरी घेतलं जायचं, ते १९२९ साली जीआयपी रेल्वेने विजेच्या गाड्यांसाठी उभारलं. आता ते कित्येक वर्षं बंद आहे. तिथे काय चालायचं? कोळसा जाळून वाफ, वाफेने चक्र, आणि चक्राबरोबर तारेच्या वेटोळ्यांत फिरणारं भलंथोरलं विद्युतचुंबक. त्या फिरण्यातून वीज, आणि विजेवर लोकल. किती मुलांना हे शाळेने सांगितलं असेल?

शिक्षकांची बाजूही मांडते, नाहीतर माझेच विद्यार्थी, जे आज शिक्षक आहेत, ते मला फोन करतील. साठ-साठ मुलांचा वर्ग, अभ्यासक्रमाचं ओझं, निवडणुकीची कामं, दर आठवड्याला काहीतरी ऑनलाइन भरायचं. त्यात एखाद्या शिक्षिकेने खरोखर कणीक आणि वायसर आणायला सांगितले, तर दुसऱ्या दिवशी पालकच तक्रार घेऊन येतात, "बाकीच्या शाळांत किती छान संच असतात." मुलाची पेशी अडकली आणि गुण गेले तर विचारूच नका. म्हणून शाळा सोपी वाट धरतात. दोष एकट्या शाळेचा नाही. गिऱ्हाईक आपण आहोत, माल आपल्या आवडीचा येतो.

तेव्हा माझं मागणं शाळेकडे थोडं आणि तुमच्याकडे जास्त आहे. शाळेने एवढंच करावं : दहा गुणांतले पाच गुण "काय काय फसलं आणि मग काय बदललं" हे लिहिण्याला ठेवावेत, आणि शेवटी "खरी पेशी आणि आपली पेशी यात फरक कोणते" हा प्रश्न मराठीतून विचारावा. आणि आई-बाबांनो, काका-मामांनो, आजी-आजोबांनो, तुम्ही मुलाच्या प्रोजेक्टला हात लावू नका. वाकडं होऊ दे, अडकू दे, रडू दे थोडं. फक्त एक काळजी घ्या : ती बारीक चकचकीत, फार जोराची चुंबकं लहान भावंडांच्या हाती पडू देऊ नका. दोन गिळली तर पोटात आतड्याला मध्ये धरून एकमेकांना चिकटतात आणि जिवावर बेततं. बाकी कणकेने घर माखलं तर पुसता येतं.

नातीच्या वहीत मी तिच्याकडून अकरा खेपांची हकिगत लिहून घेतली आहे. शाळेत दाखवायची नाही म्हणते, "गुण नाहीत त्याला." पाहू, मी काही तिला सोडणार नाही. तुमच्याही घरी असे उद्योग झाले असतील तर जरूर लिहून कळवा, आणि पटलं नसेल तर तेही लिहा. भांडायला मला आवडतं, हे तुम्हाला एव्हाना कळलंच असेल.